आमच्या घरचा लॅपटॉप गप्प झाला

आमच्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी घड्याळ बघायची गरज पडत नसे. पिंपळे गुरवच्या त्या गल्लीत आधी खालच्या टाकीची मोटार सुरू व्हायची, मग आईच्या हातांत भाकरी पटापट फिरायची, मग गल्लीच्या तोंडाशी अण्णांच्या कंपनीची बस हॉर्न द्यायची आणि अण्णा एक बूट पायात, एक हातात अशा अवस्थेत जिना उतरायचे. ते गेले की माझी पाळी. आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर, देव्हाऱ्याला लागूनच, आमचा लॅपटॉप असे. तो सुरू केला की त्याच्या पोटातला पंखा असा काही घरघरायचा की भिंतीपलीकडच्या काकू समजून जायच्या, शीतल अभ्यासाला बसली. अण्णांच्या कंपनीनं ऑफिसातले जुने लॅपटॉप काढताना कामगारांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं अण्णांचं नाव कशात तरी निघालं. आई त्याला पाटा म्हणायची. वजनाला तो तसाच होता. कीबोर्डच्या वर डाव्या बाजूला एक जाळी होती आणि तिच्याखाली तो पंखा. थंडीच्या दिवसांत मी बाजूच्या झरोक्यातून येणाऱ्या गरम वाऱ्यावर बोटं शेकायचे.

अण्णा मशीन शॉपला ऑपरेटर होते, पण त्यांचा जीव अडकला होता क्वालिटी सर्कलमध्ये. कामगारांनीच चार-सहा जणांनी जमून कामातली एखादी अडचण घ्यायची, तिच्या मुळाशी जायचं आणि वर्षातून एकदा स्टेजवर उभं राहून ती सगळी कथा सांगायची, असा तो प्रकार. त्यात त्यांना मिळालेले कप आमच्या शोकेसमध्ये ओळीनं होते. एकात आई साडीच्या पिना ठेवायची. प्रत्येक गोष्टीला पाच वेळा 'का' विचारायचं, ही तिथली रीत अण्णांनी घरी आणली होती. दूध उतू गेलं. का? गॅस मोठा राहिला. का? लक्ष नव्हतं. का? "तुमी का का करत बसला व्हता म्हनून," असं आई म्हणायची आणि चौकशी तिसऱ्यालाच संपायची. दुसरा नियम असा, की 'कोणी केलं' हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. कोणी विचारलं की माणूस लपवायला लागतो. चूक पद्धतीची असते, माणसाची नसते. लहानपणी मला हा नियम फार आवडायचा, कारण घरात फुटणाऱ्या बहुतेक कपबशांच्या आसपास मीच असायचे.

मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन मी घरी बसले होते. आम्ही मूळचे लातूरकडचे. नात्यातल्या कोणी ड्रॉइंगचं काम केलेलं नव्हतं, ओळख नव्हती, वशिला नव्हता. कुरुळीला पानसरे नावाच्या गृहस्थांची एक टूलरूम होती, कारखान्यांना लागणारे साचे आणि हत्यारं बनवणारी. बाहेर पत्र्याची शेड, आत मात्र स्वच्छ. मी न बोलावता जाऊन उभी राहिले. पानसरेंनी माझे मार्क बघितलेच नाहीत. टेबलावरचा एक लोखंडी ब्रॅकेट उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "याला भोक पाडायचंय. हा जॉब घट्ट धरून ठेवणारं फिक्स्चर काढा. दिवाळीच्या आत आणा, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर आणा. मी शेजारी बसून बदल सांगणार. ड्रॉइंग कोणाकडूनही करून आणता येतं, बदल नाही करून आणता येत." ते जमलं नाही तर दिवाळीनंतर मी चाकणच्या कारखान्यात वायरिंगच्या लाईनवर जायचं, असं घरात ठरलं होतं. कॉन्ट्रॅक्टरकडे नाव देऊन झालं होतं. त्या कामाला मी कमी लेखत नाही. माझ्या दोघी मैत्रिणींनी त्या लाईनवर उभं राहून घरं उभी केली. पण तिथून ड्रॉइंगकडे परत आलेली एकही मुलगी मला माहीत नव्हती, आणि मला आखायचं होतं. दुसरं काही मनापासून करावंसं वाटतच नव्हतं.

अडचण एवढीच निघाली, की पानसरे वापरत ते ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आमच्या लॅपटॉपच्या जुन्या सिस्टीमवर चढेना. वरच्या मजल्यावर गणेशदादा राहायचा. कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम करायचा आणि बोलताना निम्मं हिंदी वापरायचा. त्यानं लॅपटॉप हातात घेऊन तोलला आणि म्हणाला, "ओल्ड है, पण चलेगा. नवीन सिस्टीम टाकून देतो." आई म्हणाली, नवं काम आहे तर दसऱ्यालाच टाका. गणेशदादालाही त्याच दिवशी सुट्टी होती. दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. पाटावर अण्णांचा मापं घ्यायचा व्हर्नियर, आईची मोठी कात्री, विळी, आणि त्या वर्षी मधोमध लॅपटॉप. मी तो मिटून ठेवला होता. आईनं उघडला. "झाकल्या देवाला कुनी हळद-कुंकू वाहतं व्हय?" म्हणाली. कुंकवानं ओल्या केलेल्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, उदबत्तीचा धूर, सगळं यथासांग झालं. दुपारी गणेशदादा आला, पुरणपोळ्या खात खात त्यानं ती सिस्टीम चढवली, आणि संध्याकाळी आपट्याची पानं वाटताना पडद्यावर नवं निळं चित्र उजळलं. घरघर मात्र ऐकू येईना. "आवाज पण बंद झाला बघा काकू," गणेशदादा म्हणाला. "नवीन सिस्टीम, एकदम स्मूथ." आईनं लॅपटॉपला हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरावर अवकळा आली. सुरू केल्यावर दोन घास खाऊन होईपर्यंत तो बरा चालायचा, मग जो रेंगाळायचा तो रेंगाळायचाच. एक रेघ ओढावी, बाण पडद्याच्या मध्यावर थबकून राहावा, मी माठातलं पाणी पिऊन यावं, तरी रेघ आपली निघायच्याच तयारीत. ब्रॅकेट फिरवून मागची बाजू बघायची म्हटली तर तो निम्म्यात तिरका होऊन थिजायचा. कधी सगळं काळं पडून आपोआप बंद व्हायचं आणि केलेलं काम जायचं. तापायचा तर इतका, की मी त्याच्याखाली पोळपाट ठेवायला लागले. पण गरम तो पहिल्यापासूनच व्हायचा, त्यामुळे त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. मी चिडचिड करायचे, आईवर खेकसायचे. आई उलट बोलायची नाही, हे त्या दिवसांत मला खटकायला हवं होतं, कारण एरवी ती कोणाचं ऐकून घेणारी नव्हे.

गणेशदादा रोज कामावरून आला की चपला न काढता दारातूनच विचारायचा, "क्या बोलता है?" त्यानं आपल्या परीनं सगळं केलं. सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या वीसेक फालतू गोष्टी बंद केल्या. दोन अँटीव्हायरस एकमेकांवर पहारा करत बसले होते, त्यातला एक काढला. नात्यातल्या लग्नकार्यांचे माझे फोटो पेन ड्राइव्हवर हलवून जागा मोकळी केली. प्रत्येक उपायानं थोडा फरक पडायचा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी तो म्हणाला, "जुनी सिस्टीम परत टाकतो, भूल जाओ." पण जुनी टाकली की सॉफ्टवेअर जाणार, आणि सॉफ्टवेअर गेलं की पानसरे गेले. अण्णा खुर्चीवर बसून हे बघायचे. त्यांच्या सर्कलमध्ये बिघाड आला की पहिला प्रश्न असायचा, बदल काय झाला? माणूस बदलला, मशीन बदललं, माल बदलला का पद्धत बदलली? ते मलाही तेच विचारायचे. "आधी चांगला चालत होता. मग बदल काय झाला?" आणि मी, आई आणि गणेशदादा, आम्ही तिघंही एका सुरात म्हणायचो, सिस्टीम बदलली. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. पूजेला बदल म्हणतात, हे आमच्यापैकी कोणाच्या बापजन्मी डोक्यात आलं नसतं.

सकाळी लॅपटॉप उघडला की कापराचा वास यायचा. देव्हारा शेजारीच होता, तेव्हा तेही साहजिक वाटायचं. आता इतक्या वर्षांनी माझ्या स्वतःच्या ऑफिसात एखादं मशीन अडलं की मी आधी नाकानं आणि कानानं तपासते, मग डोळ्यांनी. तेव्हा मी फक्त पडद्याकडे बघत होते.

दिवाळी तोंडावर आली. आईनं चकल्यांची भाजणी दळून आणली होती, फिक्स्चर निम्मंसुद्धा झालं नव्हतं. रविवार होता. अण्णा चहा पीत होते, आई परातीत धपाट्यांचं पीठ मळत होती, आणि मी लॅपटॉपसमोर बसून नुसती वाट बघत होते. मला एकाएकी रडू फुटलं. आवाज न करता रडायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. आईनं पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे बघितलं. मला धीर द्यायचा म्हणून ती म्हणाली, "रडू नगंस. त्याला बी गुन यायलाय बग. आदी कसा म्हाताऱ्यावानी घरघर करायचा, आता किती शांत झालाय बिचारा."

अण्णांनी कप खाली ठेवला.

"पुन्हा बोल," ते म्हणाले.

"काय बोलू? शांत झालाय म्हनलं."

अण्णा उठले, लॅपटॉपपाशी आले आणि जाळीवर कान टेकवला. मग झरोक्यासमोर तळहात धरला. "वारा न्हाई," म्हणाले. "राव, तीस वर्षं मशीनवर उभा राहतोय मी. चालत्या मशीनचा आवाज गेला तर आम्ही पळत सुटतो. आणि इथं घरात आवाज गेला तर सगळे खूश." ते माझ्याकडे वळले. "शीतल, पंखा फिरत नाही हा. म्हणून तापतो आणि म्हणूनच थिजतो. कधीपासून फिरत नाही?" मी म्हटलं, दसऱ्यापासून आवाज नाही. गणेशदादाच म्हणाला होता, नवी सिस्टीम शांत असते. अण्णांनी कपाळाला हात लावला आणि शोकेसमधला एक कप काढून आणला, निघालेले स्क्रू ठेवायला.

जमिनीवर पेपर अंथरून आम्ही दोघांनी तो उघडला. गणेशदादाला हाक मारायचं सुचलंच नाही. मागचं झाकण निघालं, आणि पंखा दिसला. खरं म्हणजे दिसलाच नाही. पात्यांमध्ये सुकून काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. झरोक्याच्या बारीक पट्ट्यांवर राखेचा करडा लेप बसला होता. आणि तांदूळ. एक दाणा पातं आणि कडा यांच्यामध्ये पाचरीसारखा बसला होता, बाकीचे खोबणीत गोळा झालेले. अण्णांनी आईच्या साडीची पिन घेऊन एकेक दाणा पेपरवर काढला. दसऱ्याला वाहतात त्या चिमूटभर अक्षता. हे चिमूटभर नव्हते. काही मळकट झालेले होते, काहींचा रंग उतरत आला होता, आणि काहींवरचं कुंकू अजून लालबुंद, कालपरवाचं. मी अण्णांकडे बघितलं. त्यांना माझ्या आधी कळलं होतं. आतल्या खोलीत तव्यावर पहिलं धपाटं पडल्याचा आवाज आला.

अण्णा सवयीनं बोटांवर मोजायला लागले, अगदी हळू आवाजात. पंखा थांबला, का? दाणा अडकला. दाणा आत गेला, का? वर जाळी आहे, वाहिलेलं पदरानं पुसलं की आत जातं. जाळीवर तांदूळ आले, का? पूजा. आता दसरा होऊन गेला, तरी रोज पूजा, का? त्यांचं चौथं बोट तसंच राहिलं. पाचवा 'का' ते बोलले नाहीत. लॅपटॉप सुस्तावत चालला तशी आई पहाटे आम्ही उठायच्या आत त्याला जास्त जास्त अंगारा लावत होती, अक्षता वाहत होती, माझं काम व्हावं म्हणून. जितकं वाहत होती तितका तो बसत चालला होता. मला त्या क्षणी तिचा रागही आला आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं, दोन्ही एकदमच. अण्णांनी पेपरची पुडी केली आणि कोपऱ्यात सरकवली.

तेवढ्यात आई ताटली घेऊन बाहेर आली. "काय निघालं?"

"धूळ," अण्णा म्हणाले. "धूळ साठली होती."

आई थांबली. तिनं ताटली माझ्यापुढे ठेवली, पुडी उचलली आणि उघडली. अक्षतांसाठी ती तुटका दाणा कधी वापरायची नाही. सुपात घेऊन अख्खे तांदूळ निवडायची. स्वतःचे दाणे ओळखायला तिला वेळ लागला नाही. एक दाणा उचलून तिनं बोटांत धरला.

"व्हय," ती म्हणाली. "ही धूळ माझीच हाय."

"हे बघ," अण्णा म्हणाले, "चूक माणसाची नसती. पद्धतीची..."

"कंपनीतलं कंपनीत ठिवा," आई म्हणाली आणि आत गेली. तव्यावरचं धपाटं करपलं होतं. तिनं ते काढलं, गॅस बारीक केला आणि दुसरं लावलं.

आम्ही रंगाच्या ब्रशनं राख झाडली, पट्ट्या पुसल्या, झाकण लावलं. लॅपटॉप सुरू केला तसा पंखा एकदा अडखळला आणि मग घरघरायला लागला, पहिल्यापेक्षाही मोठ्यानं. भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं, "शीतल, झाला का गं चालू?" आई दाराच्या चौकटीत उभी होती. "ह्यो आवाज बरा म्हनायचा व्हय?" तिनं विचारलं. अण्णा हो म्हणाले. तिनं मान हलवली, पण जवळ आली नाही. तो काही जादूनं नवा झाला नाही. सिस्टीम त्याला जडच होती आणि गणेशदादानं फालतू गोष्टी काढून टाकल्या हे बरंच झालं. पण म्हातारं माणूस चालतं तसा तो चालायला लागला, हळू आणि न बसता. रेघ ओढली की रेघ यायची. मी ते धपाटं गार झाल्यावर खाल्लं आणि कामाला बसले.

फिक्स्चर पुढं सरकायला लागलं, पण घरात एक वेगळीच गोष्ट बिघडली. आई लॅपटॉपकडे फिरकेना. शिलाई मशीनवर बसायची असली तर मला हाक मारून तो उचलायला लावायची. देव्हाऱ्यातली उदबत्ती तिनं पलीकडच्या खिडकीत नेऊन लावायला सुरुवात केली. मी तिला म्हटलं, "अगं आई, बंद करून झाकणावर वाहा की. झाकणाला काही होत नाही." ती म्हणाली, "नगं बाई. माझा हात चांगला न्हाई." माझ्या आईच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींची बाळं तिनं न्हाऊ घातली होती. लोक तिला हात चांगला म्हणून बोलावायचे. अण्णांनी एकदाच प्रयत्न केला. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "आमच्यात मूळ कारण सापडलं म्हणून कोणी मशीन बंद करत न्हाईत. पद्धत बदलत्यात." आईनं त्यांना आमटी वाढली. नोकरीपेक्षा मला त्या दिवसांत याचंच जास्त वाटत होतं. काम मिळालं नसतं तर लाईन होती. तिच्या हातावरचा तिचा विश्वास गेला असता तर त्याला काय होतं?

कुरुळीला जायच्या दिवशी मी लॅपटॉप बॅगेत भरला, ब्रॅकेट रुमालात गुंडाळून कप्प्यात ठेवला आणि देवाला नमस्कार केला. मग वाकून आईच्या पाया पडले. आईच्या हातात लहान वाटी होती. माझं लक्षच गेलं नव्हतं. तिनं आधी बॅगेकडे बघितलं आणि ती माझ्या खांद्यावरून काढून लांब, पार दाराजवळ नेऊन ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या डोस्क्यात पंखा न्हाई न्हवं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग घे," म्हणाली, आणि वाटीतल्या सगळ्या अक्षता तिनं माझ्या टाळूवर घातल्या. बुटाची नाडी बांधणारे अण्णा मान वर न करता म्हणाले, "पद्धत बदलली."

पानसरेंच्या केबिनमध्ये मी लॅपटॉप उघडला. पंखा घरघरला तसे ते म्हणाले, "बराच जुना दिसतोय." मी हो म्हटलं. त्यांनी फिक्स्चर सगळीकडून फिरवून बघितलं, जॉब दाबून धरणाऱ्या क्लॅम्पपाशी थांबले आणि म्हणाले, "इथून ऑपरेटरचा हात जाणार कसा? क्लॅम्प डाव्या बाजूला घ्या. आणि भोकाचं माप बदला." मी वाकून माप टाकायला लागले तोच केसांतून एक लाल दाणा कीबोर्डवर पडला, नेमका जाळीच्या कडेला. पानसरेंनी तो बघितला. मी बघितला. फुंकर मारली तर तो आतच जाणार होता. मी तो चिमटीत उचलला, तोंडात टाकला आणि चावला. मग माप बदललं आणि क्लॅम्प डाव्या बाजूला घेतला.